वर्गांतील पुस्तकांचें कपाट

मराठी मुलांसाठीं पुस्तकें छापण्याचा उद्योग सुरू होऊन आतां दोनशें वर्षें होऊन गेलीं. शाळांचा इतिहास सांगणारे लोक सहसा इमारती, परीक्षा आणि अधिकारी यांविषयीं सांगतात. वर्गाच्या कोपऱ्यांतील पुस्तकांच्या कपाटाकडे त्यांची दृष्टि क्वचितच वळते. आज त्या कपाटाचा इतिहास मी थोडक्यांत सांगणार आहें. त्यांत मला एकच गोष्ट दाखवावयाची आहे. ती ही, कीं नुसतें पुस्तक हातीं पडल्यानें मूल वाचक होत नाहीं. अनेक पुस्तकांतून आपल्या आवडीचें एक उचलण्याची मुभा मिळाली म्हणजे तें वाचक होतें. ही मुभा आपल्या शाळांनीं फार उशिरां दिली, आणि दिली तीहि हात आखडून.

छापखान्यापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेंत मुलाचें असें पुस्तकच नव्हतें. धूळपाटीवर अक्षरें गिरवावीं, पाढे एका सुरांत म्हणावे, मोडी पत्रें व हिशेब वाचतां येऊं लागले कीं शिक्षण पुरें झालें, असा तो काळ. ज्या घरीं पोथ्या होत्या तेथें त्या रुमालांत बांधून ठेवलेल्या असत, आणि त्या सोडण्याचा अधिकार वडील माणसांचा. मूल ऐके, वाचीत नसे. मात्र ऐकण्यांत वैचित्र्य भरपूर होतें. आजीच्या गोष्टी, कीर्तनांतील आख्यानें, शाहिरांचे पोवाडे, जात्यावरच्या ओव्या, उखाणे आणि कोडीं, असें नाना तऱ्हेचें धन मुलाच्या कानांवर पडे. हें मीं मुद्दाम सांगितलें, कारण पुढें पुस्तक आलें तेव्हां त्याच्याबरोबर हें वैचित्र्य आलें नाहीं. कानाला जें मिळत होतें तें डोळ्यांना मिळण्यास आणखी पाऊणशें-शंभर वर्षें लागलीं.

मोठें पाऊल मुंबईंत पडलें. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे गव्हर्नर असतांना १८२२ मध्यें एक संस्था स्थापन झाली. हैंदशाळा शाळापुस्तक मंडळी या नांवानें ती मराठींत ओळखली जाई. शाळा काढावयाच्या तर आधीं पुस्तकें पाहिजेत, हें या मंडळीनें नेमकें ओळखलें होतें. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिच्या कार्यांतले प्रमुख एतद्देशीय गृहस्थ. त्यांचीं ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ हीं दोन पुस्तकें १८२८ मध्यें बाहेर पडलीं. त्यांपैकीं ‘बाळमित्र’ची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. बेर्कँ नांवाच्या फ्रेंच ग्रंथकारानें १७८२-८३ सालीं मुलांसाठीं महिन्याच्या महिन्याला जें लिखाण प्रसिद्ध केलें, तें इंग्रजींत गेलें, आणि इंग्रजींतून तें छत्र्यांनीं मराठींत आणलें. म्हणजे मराठी मुलाचा हा छापील मित्र पॅरिसहून लंडनमार्गें मुंबईस आला! त्यांतील घरें परकीं, मुलें परकीं, चालीरीति परक्या. तरीहि त्या पुस्तकाचें ऋण मोठें आहे. कारण मुलांसाठीं म्हणून निराळें लिहावें लागतें ही जाणीवच त्यानें मराठींत आणली.

परंतु हीं पुस्तकें शाळेंत आलीं तीं धडा म्हणून. सगळ्यांनीं तेंच वाचावयाचें, त्याच क्रमानें वाचावयाचें आणि विचारल्यावर म्हणून दाखवावयाचें. १८५४ च्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखातें स्थापन झालें आणि क्रमिक पुस्तकांची व्यवस्था अधिक पक्की झाली. मेजर टॉमस कँडी यांनीं शालेय पुस्तकांची मराठी भाषा तासून-पुसून घेण्याचें काम वर्षानुवर्षें केलें. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनीं १८५४ मध्यें ‘नवनीत’ प्रसिद्ध करून जुन्या मराठी कवितेचा संग्रह विद्यार्थ्यांपुढें ठेवला. या ग्रंथकारांचे परिश्रम थोर होते, यांत संशय नाहीं. पण शाळेंतील वाचन याच सुमारास एका पुस्तकाच्या दाव्याला बांधलें गेलें.

असें कां झालें, हें समजून घेतलें पाहिजे. पहिलें कारण पैशाचें. एकच पुस्तक हजारों प्रति छापलें तर तें स्वस्त पडतें. दुसरें कारण तपासणीचें. गांवोगांव फिरणाऱ्या इन्स्पेक्टरास सर्व शाळांची परीक्षा एका मापानें घ्यावयाची असे, आणि माप एक हवें तर पुस्तकहि एकच हवें. तिसरें कारण याहून कडक होतें. मुंबई इलाख्यांत परीक्षेच्या निकालावरून शाळेचें अनुदान ठरविण्याची पद्धति एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाली. ज्या पुस्तकावर शाळेचा पैसा अवलंबून, तें सोडून शिक्षकानें मुलांना दुसरें कांहीं वाचावयास कां द्यावें? शिक्षक आळशी होते म्हणून वर्गांत एकच पुस्तक राहिलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. व्यवस्थाच अशी होती, कीं दुसरें पुस्तक उघडणें म्हणजे नुकसान करून घेणें.

मग वैचित्र्य आलें कोठून? तें शाळेच्या दारानें आलें नाहीं. टपालवाल्याच्या थैलींतून घरीं आलें. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ मध्यें ‘बालबोध’ मासिक काढलें आणि तीस वर्षांहून अधिक काळ चालविलें. चरित्रें, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असें नानाविध साहित्य ते सोप्या भाषेंत देत, आणि त्यांतील बहुतेक मजकूर स्वतः लिहीत. पुढें १९०६ मध्यें वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ मासिक सुरू केलें. या मासिकांनीं एक नवी गोष्ट केली. एका अंकांत पांच-सात तऱ्हेचा मजकूर असल्यामुळें, कोणतें आधीं वाचावें आणि कोणतें टाकून द्यावें हें मूल स्वतः ठरवूं लागलें. कोणी आधीं कोडें सोडवी, कोणी चरित्राकडे वळे. निवड करण्याची संवय मराठी मुलाला लागली ती अशी. पण वर्गणी भरणारीं घरें किती होतीं? नोकरदार, वकील, मास्तर यांच्या घरीं अंक येई. गवंड्याच्या, कुणब्याच्या, विणकराच्या मुलाला तो दिसण्याचें कारण नव्हतें. नाशिक, पुणें, ठाणें येथें सार्वजनिक वाचनालयें निघालीं होतीं खरीं, पण तेथेंहि मोठ्यांचा राबता. मूल तेथें गेलेंच तर वडिलांचें पुस्तक बदलून आणण्यासाठीं.

हें कोडें सोडविण्याचा मोठा प्रयत्न झाला बडोद्यास. सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्यें तें सर्व राज्यास लागू केलें. परंतु शाळा सुटली कीं शिकलेलीं अक्षरें विसरलीं जातात. वाचावयास कांहीं नसेल तर वाचतां येऊन उपयोग काय? म्हणून महाराजांनीं १९१० मध्यें अमेरिकेंतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास बोलाविलें आणि राज्यभर मोफत ग्रंथालयांची योजना आंखली. गांवकऱ्यांनीं जितकी रक्कम जमवावी, तितकीच पंचायतीनें आणि तितकीच सरकारनें घालावी, असें तिचें सूत्र होतें. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांसाठीं वेगळा विभाग होता. तेथें चित्रांचीं पुस्तकें असत आणि खेळहि असत.

पण माझ्यासारख्या मास्तराला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची फिरत्या ग्रंथालयाची पेटी. निवडक पुस्तकें भरलेल्या लाकडी पेट्या मध्यवर्ती कचेरींतून खेडोपाडीं जात, कांहीं काळ तेथें राहत, आणि परत आल्यावर दुसरीकडे रवाना होत. जाण्यायेण्याचा खर्च वाचकावर पडत नसे. या पेटींत एक मोठें शहाणपण भरलेलें आहे. लहान गांवाला मोठें ग्रंथालय परवडत नाहीं. पण लहान संग्रह सतत बदलत राहिला तर तो मोठ्या ग्रंथालयाचें काम करतो. वीस पुस्तकें वर्षभर एका जागीं पडून राहिलीं तर तीं वीसच. तींच दर तीन महिन्यांनीं शेजारच्या शाळेशीं बदललीं तर वर्षाला ऐंशीं होतात. आजच्या वर्गशिक्षकानेंहि हा हिशेब मनांत ठेवण्यासारखा आहे.

दुसरा हिशेब काठेवाडांत भावनगर येथें मांडला गेला. गिजुभाई बधेका हे तेथील दक्षिणामूर्ति संस्थेंत काम करीत. १९२० मध्यें त्यांनीं बालमंदिर सुरू केलें. ‘दिवास्वप्न’ हें त्यांचें पुस्तक १९३० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत गुजराथींत प्रसिद्ध झालें. त्यांत एक शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करतो. तो मुलांना आधीं गोष्टी सांगतो. गोष्टींची भूक लागली कीं पुस्तकांकडे वळवितो. पण पुस्तकें आणावयाचीं कोठून? प्रत्येकानें तेंच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजीं तो पैसा एकत्र करावा आणि त्यांतून वर्गासाठीं निरनिराळीं पुस्तकें घ्यावीं, असा मार्ग तो काढतो. वर्गांत चाळीस मुलें आहेत असें धरा. चाळीस मुलांनीं एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रति घेतल्या, तर प्रत्येकाच्या वांट्याला पुस्तक येतें एक. त्यांनींच चाळीस वेगवेगळीं पुस्तकें घेतलीं, तर प्रत्येकाच्या वांट्याला येतात चाळीस. खर्च साधारण तेवढाच! वर्गग्रंथालयाचें सारें अर्थशास्त्र या साध्या गुणाकारांत सांठविलेलें आहे. पाठ्यपुस्तक अजिबात नको, असें मी म्हणत नाहीं. पण त्याच्या शेजारीं हा गुणाकार उभा राहिला पाहिजे.

भावनगरास गिजुभाईंबरोबर काम करीत असलेल्या ताराबाई मोडक पुढें महाराष्ट्रांत आल्या. तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें १९४५ मध्यें त्यांनीं ग्रामबालशिक्षेचें कार्य सुरू केलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्यें तें कार्य वाढलें. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनेंच अंगणांत जावें, आणि दुकानांतल्या महागड्या साधनांऐवजीं पानें, बिया, शंखशिंपले यांनीं मुलांना शिकवावें, ही त्यांची दृष्टि. हा प्रयोग पुस्तकांच्या कपाटाचा नव्हे, पण कपाट भरणाऱ्यानें त्यापासून एक धडा घेतला पाहिजे. ‘बाळमित्र’च्या काळापासून आपल्या मुलांच्या पुस्तकांतील घर हें बहुधा दुसऱ्या कोणाचें तरी घर असे, आधीं परदेशांतलें, मग शहरांतलें. ज्या मुलाला पुस्तकांत आपलें अंगण, आपली भाषा, आपल्या बापाचा धंदा कधींच भेटत नाहीं, तें मूल पुस्तकाला पाहुण्यासारखें वागवितें. अदबीनें वागवितें, पण त्याच्याशीं बोलत नाहीं. उलटपक्षीं, ज्या शहरी मुलाला केवळ स्वतःसारखींच मुलें पुस्तकांत भेटतात, त्याचेंहि नुकसान होतें. विविधता दोघांनाहि हवी.

स्वातंत्र्यानंतर पुस्तकांचा पुरवठा वाढला. १९६७ मध्यें पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली, आणि १९७१ पासून तिचें ‘किशोर’ मासिक निघूं लागलें. १९८७ मध्यें खडूफळा मोहीम सुरू झाली, आणि तिच्यामधून खेड्यांतील प्राथमिक शाळांना इतर साहित्याबरोबर वाचनाचीं पुस्तकेंहि मिळालीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें तर स्पष्टच सांगितलें, कीं प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें आणि त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें व सर्व विषयांचीं पुस्तकें असावींत, गोष्टींचीं पुस्तकें धरून. ज्या गोष्टीच्या पुस्तकाला एके काळीं अभ्यासाचा शत्रु समजत, त्याला कायद्यांत जागा मिळाली. ही लहान गोष्ट नव्हे.

असें असूनहि कपाट पुष्कळ ठिकाणीं बंदच राहिलें. मीं स्वतः खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांतून तीसपेक्षां अधिक वर्षें शिकविलें. एका शाळेंत पुस्तकांनीं भरलेली लोखंडी ट्रंक मला मिळाली. तिच्यावर धूळ होती आणि आंतलीं पुस्तकें अगदीं कोरीं होतीं. कारण विचारतां कळलें, कीं पुस्तकांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरांत आहे. एक जरी हरवलें तरी तपासणीच्या वेळीं उत्तर द्यावें लागेल, आणि भरपाई मास्तराच्या खिशांतून जाईल. मुलांनीं पुस्तकें वाचलीं नाहींत तर मात्र कोणी कांहीं विचारीत नसे. पहा, एकोणिसाव्या शतकांत निकालाच्या भीतीनें जें केलें, तेंच येथें रजिस्टराच्या भीतीनें केलें. भीतीचें नांव तेवढें बदललें.

आम्हीं गांवकऱ्यांची बैठक घेतली. वर्षाकाठीं कांहीं पुस्तकें फाटतील, कांहीं हरवतील, हें आधींच मान्य करून तसा ठराव लिहून ठेवला, आणि ट्रंक उघडली. भिंतीला दोऱ्या बांधून पुस्तकें त्यांवर टांगलीं, म्हणजे पाठीऐवजीं मुखपृष्ठ दिसावें. पुढें जें दिसलें तें कोणत्याहि मास्तराला ठाऊक असावें असें आहे. वाचनांत मागें असलेला एक मुलगा पक्ष्यांच्या चित्रांचें पुस्तक घेऊन बसला आणि चित्राखालचीं नांवें लावूं लागला. धड्यांत जोडाक्षर पाहून अडणारा तो, पक्ष्याच्या नांवांतलें जोडाक्षर सोडीना. एक मुलगी घरीं धाकट्या भावाला वाचून दाखवावयास म्हणून पहिलीचीं पुस्तकें नेई, आणि स्वतःसाठीं शास्त्रज्ञांच्या गोष्टी. कोड्यांचें पुस्तक सहा महिन्यांत पार फाटून गेलें. थोरांचीं उपदेशपर चरित्रें मात्र वर्षाअखेर तशींच कोरीं. मी तेव्हांपासून फाटलेल्या पुस्तकाची नोंद तक्रार म्हणून न करतां मागणी म्हणून करीत असें. तें फाटलें, म्हणून तसलीं आणखी दोन घ्यावयाचीं.

तेव्हां वर्गाचें ग्रंथालय भरतांना विविधता म्हणजे नेमकें काय, हें या साऱ्या इतिहासावरून सांगतां येतें. एक, अवघडपणाची विविधता. एका वर्गांतील सगळीं मुलें एका पायरीवर कधींच नसतात. म्हणून चौथीच्या कपाटांत दुसरीचींहि पुस्तकें असावींत आणि सातवीचींहि, आणि सोपें पुस्तक घेणाऱ्याला कोणी हंसूं नये. दुसरी, विषयांची. गोष्टी हव्यात, पण पाखरें, यंत्रें, नकाशे, स्वयंपाक, खेळ, कोडीं, कविता आणि मासिकांचे जुने अंकहि हवेत. कित्येक मुलांना गोष्टीपेक्षां माहिती अधिक प्रिय असते. तिसरी, जीवनाची. शेत, कोळीवाडा, गिरणगांव, पाडा, वाडा, परदेश, असें सारें त्यांत असावें. मुलगी केवळ कोणाची बहीण म्हणून न येतां स्वतः कांहीं करणारी असावी. चौथी, बोलीची. प्रमाण मराठीच्या शेजारीं मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, वारली बोलींतील गाणें किंवा गोष्ट असली, तर मुलाला घर आणि शाळा यांमधली भिंत थोडी ठेंगणी वाटते. आणि पांचवी, आकाराची. मोठ्या अक्षरांचें, चित्रांचें, चार पानांचें, शंभर पानांचें, असें सर्व तऱ्हेचें पुस्तक असूं द्यावें. सगळीं पुस्तकें एकदम येणार नाहींत. पण दहा पुस्तकें घ्यावयाचीं असलीं, तर तीं दहा तऱ्हेचीं घेण्यास जास्त पैसा लागत नाहीं. थोडा विचार लागतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना माझी एक विनंति आहे. शाळांना पुस्तकें देण्याची हौस आपल्याला असते, आणि ती चांगलीच आहे. पण घर आवरतांना निघालेलीं जुनीं गाइडें, कालबाह्य व्यवसायपुस्तिका आणि कोणीहि न उघडलेले जाडजूड ग्रंथ खेड्यांतील शाळेला पाठविण्यानें कपाट भरतें, वाचक वाढत नाहीं. आपल्या मुलानें जें पुस्तक पुन्हां पुन्हां वाचून खिळखिळें केलें, त्याचीच एक नवी प्रत विकत घेऊन द्यावी. दान देण्यापूर्वीं शिक्षकाला विचारावें, कीं मुलें काय मागतात. आणि हिशेब मागावयाचाच असेल, तर किती पुस्तकें शिल्लक आहेत असें न विचारतां, किती फाटलीं असें विचारावें.

ज्या घरांत पुस्तकें आहेत त्या घरांतील मूल शाळेच्या कपाटावांचूनहि तरून जातें. ज्या घरांत एकहि पुस्तक नाहीं, त्या मुलाला मात्र शाळेचें तेवढें एकच कपाट असतें. तें बंद राहिलें तर चार वर्षांत शिकलेलीं अक्षरें पुढल्या चार वर्षांत पुसून जातात. सयाजीराव महाराजांना शंभर वर्षांपूर्वीं हीच भीति वाटली होती. आपल्या जवळच्या शाळेंत कधीं जाण्याचा योग आला, तर तेथील पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ असते, एवढें अवश्य विचारून यावें.